घरातलं वाक्य

धुळे, १७ नोव्हेंबर २०२४

भूमिका,

वर 'चि.' लिहिलं होतं. मग कागद बदलला. परवा भुसावळला पुनामामाच्या तेराव्याला तू मला चारचौघांत 'सर' म्हणालीस. तेरा वर्षांनी लेक बापाशी बोलते आणि 'नाना' न म्हणता 'सर' म्हणते, तर बापाने 'चि.' कोणत्या तोंडाने लिहायचं?

तू म्हणालीस, "सर, एकच विचारायचंय. आईबद्दल मी वहीत जे लिहीत होते, ते तुम्ही तेव्हा वाचलं होतं का? हो किंवा नाही. आत्ता बोलू नका. बोलण्यात तुम्ही नेहमी जिंकता. लिहून पाठवा." जळगावच्या पत्त्याची चिठ्ठी माझ्या हातात ठेवलीस आणि पंगतीत वरण वाढायला निघून गेलीस. मी पानावर बसलो खरा, पण बट्टी तशीच पानात राहिली. शेजारचा माणूस विचारत होता, भाऊ, तब्येत बरी नाही का?

तर लिहितो. उत्तर 'नाही' आहे. वाचलं नव्हतं.

आता ते कसं, हेही ऐक. तुला ठाऊक आहे, त्या साली माझ्या इंग्रजीच्या क्लासला चाळीस मुलं होती. रोज दहा शब्द, दहा वाक्यं. म्हणजे चारशे वाक्यं रोज माझ्या नजरेखालून जायची. चारशे वाक्यं बघणारा मास्तर वाचत नसतो, तपासत असतो. शब्द आपल्या जागी बसलाय का, क्रियापद धड आहे का, एवढं बघायचं, लाल टिक मारायची, पुढे जायचं. सोनार दागिना कसाला लावतो तेव्हा तो कोणाच्या लग्नातला हे विचारत बसत नाही. माझंही तसंच होतं. यात कोणाचा दोष काढायचा?

वाक्य 'घरातलं' हवं हा नियम मीच केला होता, हे कबूल आहे. गाईडातली वाक्यं उतरवून आणणाऱ्या पोरांचा मला संताप यायचा. जड शब्द घ्यायचा आणि आपल्या चुलीजवळ, आपल्या अंगणात आणून बसवायचा, तरच तो आपला होतो, असं मी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. आज त्याच नियमाने माझ्यावर बोट रोखलंय, एवढंच.

आणि एक विचारू का? तोंड होतं ना तुला? दोन खोल्यांचं घर, रोज समोरासमोर जेवायला बसायचो आपण. बापाला सांगायला वही कशाला लागते?

पुनामामा सांगायचा, ठिबकच्या कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांशी सगळा पत्रव्यवहार तू बघतेस. साहेब लोक तुझा मसुदा बघून मगच सही करतात म्हणे. ते इंग्रजी कुठून आलं, हेही कधीतरी आठवून बघ.

नाना


धुळे, २५ नोव्हेंबर २०२४

भूमिका,

आठ दिवस पोस्टमनची वाट पाहिली. तू उत्तर देईन असं म्हणाली नव्हतीस, हे खरं. पण एखाद्याने 'नाही' कळवल्यावर माणूस निदान 'बरं' तरी म्हणतो.

काल रविवार. क्लास म्हणजे आता ओट्यावर बसणारी सहा पोरं, तीही आठवड्यातून तीन दिवस. शब्द सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतात म्हणे. रिकामपण होतं म्हणून माळ्यावर चढलो. गुडघ्यांनी बराच विरोध केला. पत्र्याच्या पेटीत तुझ्या वह्या निघाल्या. खाकी कव्हर, त्यावर माझ्याच अक्षरात तुझं नाव, आणि खाली 'शब्दसंपत्ती स्पर्धा, जळगाव, फेब्रुवारी २०११'. पाच सापडल्या. सहावी नाही. पेटीचा खालचा कोपरा गंजून फुटलाय, वाळवी आत शिरली असणार, तिने खाल्ली असेल.

त्या पाच मी वाचल्या. तपासल्या नाहीत, वाचल्या. तुझी इंग्रजी वाक्यं इथे मराठीत उतरवतो, दिलेला शब्द तेवढा तसाच ठेवतो.

पहिल्या वहीत तू चौदा वर्षांची अवखळ पोर आहेस. शब्द 'अ‍ॅब्सर्ड'. वाक्य: 'नाना रेडिओवरच्या बातम्यांशी भांडतात, ते अ‍ॅब्सर्ड दिसतं.' खाली माझी टिक आणि 'गुड'. आता बघ, मी हे वाचलं असतं तर तुझा कान पिळला नसता? माझ्या 'नाही'ला हा पुरावा समज.

मला हसू आलं होतं. मग तिसरी वही उघडली.

'कन्सील', लपवणे. 'आई ब्लाउजच्या आत कापडाची घडी ठेवून काहीतरी कन्सील करते.' टिक.

'विन्स', कळ येऊन तोंड आक्रसणे. 'दळणाचा डबा उचलताना आई विन्स करते.' टिक.

'रिलक्टंट', नाखूश. 'दवाखान्याचं नाव काढलं की आई रिलक्टंट होते.' टिक, आणि समासात माझा शेरा: अक्षर सुधार.

आणि पाचव्या वहीत 'व्हाउ', शपथ. 'काखेतल्या गाठीबद्दल मी तोंडातून कोणापुढे शब्द काढणार नाही, असा आईने माझ्याकडून व्हाउ घेतला आहे.' टिक.

गेल्या पत्रात मी विचारलं होतं, तोंड होतं ना तुला. ते वाक्य मागे घेतो. ते वाचताना तुला काय झालं असेल, याचा विचार काल दिवसभर डोक्यातून गेला नाही. तुझ्या आईचे शब्द काय असतील तेही मला ऐकू आले. "तुले मनी आन शे भूमी, कोनले सांगू नको." आपल्याकडे आईने आन घातली की पोरगी मरून जाईल पण मोडणार नाही. तोंडाने सांगायचं नाही, म्हणून तू हाताने सांगितलंस. तुझ्या आईला, केसरला, अक्षरओळख नव्हती. ती वही उघडून ते इंग्रजी वाचू शकेल असा माणूस आपल्या घरात एकच होता.

तुला आठवतं, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात घरात फक्त इंग्रजी असा कायदा होता? मी दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून धुळ्याला कॉलेजात आलो तेव्हा पहिल्याच तासाला 'आहे'च्या जागी 'शे' म्हणालो आणि सगळा वर्ग खिदळला. माझ्या पोरीवर कोणी तसं हसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. म्हणून अहिराणीला घरात बंदी घातली. त्या दोन तासांत केसर मोरीत भांडी घासत बसायची. पाण्याचा आवाज नको म्हणून नळ बारीक सोडायची. एकदा क्लास चालू असताना पाण्याचा पेला घेऊन आली आणि लाजत लाजत म्हणाली, "टेक." पोरं हसली. मीही हसलो. त्यानंतर ती पेला नुसता ठेवून जायला लागली, आणि पुढे पुढे त्या दोन तासांबाहेरही गप्प राहू लागली. मला वाटलं, घराला शिस्त लागली.

हे सगळं लिहून माझं मन हलकं झालं असं समजू नकोस. पण एक गोष्ट तूही ध्यानात ठेव. एप्रिलमध्ये डॉक्टर काय म्हणाले ते पुनामामालाही माहीत होतं. गाठ फार जुनी होती. आधी नेलं असतं तरी केसर वाचली नसती.

नाना


धुळे, ८ डिसेंबर २०२४

भूमिका,

हे पत्र लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो.

माझ्याकडे सबा नावाची मुलगी येते. बाजारातल्या सरदार टेलरची. बारावीला आहे, वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसणार आहे. हुशार आहे, अक्षर मात्र तुझ्यासारखंच, डावीकडे कलणारं. गेल्या सोमवारी तिची वही घेतली. शब्द 'ट्रेमर', कंप. तिचं वाक्य: 'अब्बू सुईत दोरा ओवतात तेव्हा हाताला ट्रेमर येतो, म्हणून दोरा मी ओवून ठेवते आणि गिऱ्हाइकांना कळू देत नाही.'

लाल पेन कागदाला टेकलं होतं. टिक उठलीच नाही.

"सबा, हे खरं आहे?"

"काय चुकलं सर? स्पेलिंग?"

"वाक्य बरोबर आहे. अब्बूंना काय होतंय?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "सर, ते फक्त वाक्य आहे. घरी नका सांगू."

दुसऱ्या दिवशी मी सदरा उसवल्याचं निमित्त करून सरदारच्या दुकानात गेलो. त्याने सदरा हातात घेतला आणि सुई घ्यायच्या ऐवजी मशीनच्या खणात काहीतरी शोधत बसला. मी म्हटलं, सरदारभाई, हात बघू. तो चपापला. "सर, पोरगी घरात तर काही बोलत नाही. तुमच्याजवळ कशी बोलली?" मी म्हटलं, बोलली नाही. शुक्रवारी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. मानेतली नस दबलीय, औषध आणि व्यायामाने फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले. सबाने काल मला पेढा आणून दिला. तो तसाच कागदात आहे.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात मी विचार करत होतो तो सरदारच्या हाताचा नव्हता. वय सदुसष्ट, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि तरीही सबाचं वाक्य मला एका नजरेत दिसलं. शब्द कसा बसलाय ते नंतर दिसलं, माणूस आधी दिसला. पहिल्या पत्रातला तो सोनार तू विसरून जा. तो मी स्वतःसाठी घडवला होता.

आता तू म्हणशील, मग? मग असं की माणूस थकतो. स्पर्धा तोंडावर आली होती. तालुक्यातून एकच नाव जळगावला जाणार होतं आणि ते तुझं होतं, मला दुसरं काही सुचत नव्हतं. आपल्या घरात तेव्हा चूक झाली, भूमिका. केसरकडे कुणाचंतरी लक्ष असायला हवं होतं. ते राहून गेलं, आणि त्याचं दुःख मला तुझ्याइतकंच आहे.

एकदा ये. केसरची जांभळी साडी अजून तशीच घडीत आहे. ती तुझी आहे. ती घ्यायला म्हणून तरी ये.

नाना


धुळे, ३० डिसेंबर २०२४

भूमिका,

तुझं पाकीट आज आलं. तुझं अक्षर ओळखलं आणि दारातच फोडलं. आत माझंच आठ तारखेचं पत्र होतं.

'आपल्या घरात तेव्हा चूक झाली' याखाली लाल रेघ. 'कुणाचंतरी लक्ष' याखाली दुसरी. समासात लाल शाईत चार शब्द: मोघम लिहू नका. कोणाचं? पाठीमागे बघितलं, पाकिटात बोटं घालून बघितलं. आणखी काही नव्हतं.

खरं सांगतो, आधी तळपायाची आग मस्तकात गेली. बापाचं पत्र तपासायला घेतलंस! दोन पानं भरून उत्तर लिहिलं. वीस वर्षं उभं राहून शिकवल्याने पायाच्या शिरा कशा फुगल्या आहेत इथपासून पुनामामाने तुला माझ्याविरुद्ध कसं भरवलं इथपर्यंत सगळं त्यात होतं. मेलेल्या माणसालाही सोडलं नाही. मग ती पानं फाडली. पुनाने तुला माझ्याविरुद्ध कधी काही सांगितलं नसेल. आयुष्यभर रेल्वेत हातोडी घेऊन रूळ ठोकत चाललेला तो माणूस, दर दिवाळीला मला फोन करून म्हणायचा, "भाऊ, पोर बरी शे, काळजी करू नका." यंदा तोही फोन आला नाही.

चहा केला. तो समोर निवून गेला.

समासातली ती ओळ तुझी नाही. ती कुठून आली ते तुला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हेही तुला ठाऊक आहे, नाहीतर तू एवढ्यावर थांबली नसतीस.

म्हणून आज एवढंच लिहितो. सहावी वही वाळवीने खाल्लेली नाही. बाकीचं लिहायला मला थोडे दिवस दे.

ना


धुळे, १२ जानेवारी २०२५

भूमिका,

गेल्या पत्राखाली 'नाना' लिहायला घेतलं आणि पहिल्या अक्षरावर पेन थांबलं. तसंच पाकिटात घातलं. आज तारीख बघून बसलोय.

सहावी वही माळ्यावर नव्हती. केसरचं तेरावं झालं, तू पत्र्याची बॅग घेऊन पुनामामाबरोबर निघालीस, आणि दारात वळून मला हाच प्रश्न विचारलास. "नाना, वहीत वाचलं होतं ना तुम्ही?" मी म्हणालो, "काय होतं वहीत?" तुमची रिक्षा वळणापलीकडे गेल्यावर मी सहाही वह्या काढल्या, पाच माळ्यावर टाकल्या आणि सहावी माझ्या कपाटात, शर्टांच्या खाली ठेवली. ज्याने काही वाचलेलं नाही त्या माणसाला नेमकी सहावी कशी सापडली, हे तू ओळखशीलच. जाळायचा धीर झाला नाही. उघडायचाही झाला नाही. उघडायची गरज नव्हती, त्यातली दोन पानं मला पाठ होती. काल तेरा वर्षांनी उघडली तर एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही.

११ जानेवारी २०११. शब्द 'डिटेरिओरेट', खालावत जाणे. तुझं वाक्य: 'माझी आई डिटेरिओरेट होत आहे, कुणीतरी तिला दवाखान्यात न्यायला हवं.' 'कुणीतरी'खाली माझी लाल रेघ. समासात माझं अक्षर: मोघम लिहू नको. कोणी?

१२ जानेवारी २०११. नव्या शब्दांच्या आधी, पानाच्या डोक्यावर, तू सुधारून आणलेलं वाक्य: 'माझी आई डिटेरिओरेट होत आहे, माझ्या वडिलांनी तिला दवाखान्यात न्यायला हवं.' खाली टिक. टिकेपुढे 'व्हेरी गुड'.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. वाचलं होतं.

अकरा तारखेला मी नुसतं तपासलं, यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नको. बारा तारखेला वाचलं. 'वडिलांनी' या शब्दाशी पेन थांबलं. वही हातात धरूनच मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. केसर भाकरी थापत होती, डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, जणू तो तिचा नव्हताच. डाव्या हाताने भाकरी थापणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती, आणि ती किती दिवस तशी थापत होती हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "बरं आहे ना?"

ती म्हणाली, "काय व्हयनं माले? बरं शे."

मग तिने माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं, आणि तुझ्याकडे. तू पाटावर बसली होतीस. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझी ती नजर मी पाहिली. त्या क्षणी मला सगळं कळलेलं होतं, गाठ, आन, वही, सगळं. आणि 'बरं शे' हे ऐकून मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते हायसंच. मी तुझ्या हातात वही दिली आणि म्हणालो, चल, पुढचे दहा.

का, ते सांगतो. सबब म्हणून नव्हे. स्पर्धेला पंचवीस दिवस उरले होते. केसर दवाखान्यात पडली असती तर चूल तुझ्या गळ्यात आली असती आणि रोजचे दहा शब्द बुडाले असते. मी मनाशी म्हणालो, स्पर्धा झाली की नेऊ. सहा फेब्रुवारीला जळगावला तू दुसरी आलीस. ढाल घेऊन एसटीने परत येताना मी सगळ्या गाडीला ती दाखवली, तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. तुला पहिला नंबर हुकल्याचं वाईट वाटतंय असं मी लोकांना सांगितलं. मग म्हणालो, परीक्षा होऊ दे. मग उन्हाळी वर्गाचे फलक लागले, त्यावर तुझा ढालीसकट फोटो. सहा एप्रिलला ती मोरीत पडली, आणि ब्लाउजमधली कापडाची घडी सगळ्यांना दिसली, तेव्हा मी तिला नेलं. बारा जानेवारी ते सहा एप्रिल, चौऱ्याऐंशी दिवस.

डॉक्टरांचंही अर्धंच वाक्य तुला लिहिलं होतं. पुरतं असं होतं: "आधी आणलं असतं तरी वाचल्या नसत्या, पण एवढं सोसावं लागलं नसतं. दुखणं थांबवायची औषधं होती आपल्याकडे." पुनामामा तेव्हा बिलं भरायला खाली गेला होता, त्यालाही मी अर्धंच सांगितलं. ते वाक्य मी एकट्याने ऐकलं आणि इतकी वर्षं एकट्यानेच ठेवलं. ते चौऱ्याऐंशी दिवस केसरने एक साधी गोळीही न घेता काढले, एका हाताने भाकरी थापत, नळ बारीक सोडून, आपल्या दोघांच्या इंग्रजीत व्यत्यय नको म्हणून.

तुला वाटत असेल, तू सांगायला कमी पडलीस. चौदाव्या वर्षी असं वाटलं असेल, कदाचित अजून वाटत असेल. म्हणून मुद्दाम लिहितो. तू कमी पडली नाहीस. तू आईची आनही मोडली नाहीस आणि बापाला कळवायचंही सोडलं नाहीस. दोन्ही गोष्टी एकाच वहीत नीट केल्यास. तुझ्या वाक्यात काही चुकलेलं नव्हतं.

वही या पत्राबरोबर रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे. ती माझ्या कपाटात ठेवायची वस्तू नव्हती. केसरची साडीही सोबत आहे, त्यासाठी तुला इथे यायला लागू नये. तू ये असं आज मी म्हणणार नाही. सबाला आणि बाकीच्या पाच पोरांना परवापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सबा विचारत होती, का सर? तिला म्हटलं, तुझी तयारी झालीय.

माझ्या क्लासचा नियम तुला ठाऊक आहे. वाक्य घरातलं हवं, आणि मोघम नको. मी कधी कुणाला माझं वाक्य दाखवलं नाही. आज लिहून देतो.

केसरला गाठ झाली आहे आणि ती फार दुखते आहे, हे मी, तिचा नवरा जीवराम, १२ जानेवारी २०११ रोजी वाचलं, आणि तिला दवाखान्यात नेलं नाही.

तपासून बघ.

जीवराम